रीहामचे सहा गणवेश

इजिप्तमधल्या आमच्या दमनहूरमध्ये शाळेचा गणवेश शिवून घ्यावा तर इन्साफकडूनच. मी तिची शेजारीण. बाई हाताची कसबी, पण भारी उतावळी! तिची रीहाम सहा वर्षांची, ऑटिस्टिक. बोलते मोजकं, गोंगाटाने हैराण होते. तिच्यासाठी शाळा बघायला जायचं ठरलं की इन्साफ आदल्या दिवशीच त्या शाळेचा गणवेश शिवून मोकळी. शिवण बाहेरून, पोरीला टोचू नये म्हणून.

“अगं, बाजारात तुरी...” मी म्हणायची.

“तू गप बस. गणवेशात बघितली की नाही म्हणणार नाहीत.”

पण म्हणायचे. आमच्याकडे लेकरू दिसलं की गाल ओढून मुके घेतल्याशिवाय कुणाला चैन पडत नाही. मुख्याध्यापिका मुका घेई, रीहाम किंचाळे, आणि “जागा भरल्या” असं उत्तर मिळे. सहा शाळा झाल्या, कपाटात सहा रंग जमले. त्या बायांचा मला असा राग यायचा!

सातव्या वेळी इन्साफने काहीच शिवलं नाही. “कशाला कापड वाया घालवू?” म्हणाली. तिचा पडलेला आवाज ऐकून मीच सोबत निघाले.

शाळेत सकाळची रांग लागली होती. ढोल बडवत होते, भोंगा बोंबलत होता. रीहामने कान दाबले, तरातरा गेली आणि भोंग्याची वायरच उपटली. पटांगण चिडीचूप झालं. इन्साफचा चेहरा पांढराफटक. ही शाळाही गेली, मला वाटलं.

मुख्याध्यापिका सनिया आल्या; शाळेतल्या बाईंना आमच्याकडे ‘अब्ला’ म्हणतात. मुका नाही, गालाला हात नाही. चार पावलं दूरच जमिनीवर बसल्या.

“वीस वर्षं डोकं उठवलंय गं त्याने माझं. उपटायचं तुलाच सुचलं!”

रीहामने वायर त्यांच्या हातात दिली.

“रीहामच्या आई, उद्यापासून भोंगा बंद. ढोलाचाही त्रास झाला, तर ही रांगेआधी माझ्याबरोबर वर्गात जाईल.”

“पण अब्ला, तुमचा तपकिरी गणवेश... हिला न टोचणारा शिवायला मला चार दिवस तरी...” इन्साफ अडखळली. एका बैठकीत गणवेश शिवणारी बाई ती!

“न टोचणारं घरात काय आहे?”

“सहा गणवेश आहेत,” मी तोंड घातलं. “सहा शाळांचे!”

अब्ला पोट धरून हसल्या. “मग रोज एक घालू दे.”

दुसऱ्या दिवशी रीहाम हिरव्या गणवेशात, तपकिरी पोरांमधून आत गेली. फाटकाशी आम्ही दोघी रडत होतो. पोरीने एकदाही मागे वळून बघितलं नाही.