बोदलकशाच्या लग्नात मामाला कसं नेलं

लग्नाचं आमंत्रण आलं तेच अर्धवट. नणंदेच्या घरचा माणूस बोदलकशाहून कामठ्याजवळच्या आमच्या गावी आला. मी अंगणात मोहफुलं वाळत घालत होते. पाणी पिऊन झाल्यावर तो हळूच म्हणाला, "वैनी, तुमी येजा जी. दादाले नोका आनू. हाल होतीन."

दादा म्हणजे माझे यजमान. नवरीचे सख्खे, एकुलते एक मामा. आमच्याकडे नवरीला मांडवात मामा उचलून आणतो. ज्या मानासाठी यांना बोलवायचं, तो मानच आमंत्रणातून वगळला होता!

हे ओसरीवर खाटेत पडून सगळं ऐकत होते. दोन वर्षांपूर्वी शंकरपटाच्या शर्यतीत बैलांच्या छकड्यावरून फेकले गेले आणि पाठीचा कणा मोडला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, कमरेखालचं आता परत येणार नाही. जी माणसं पटात यांच्या नावानं गळा फाटेस्तोवर ओरडत होती, तीच आता "हौस नडली" म्हणतात. असं बोलणाऱ्याच्या तोंडात शेण घालावंसं वाटतं, अजूनही वाटतं.

त्या माणसाला यांनी सांगितलं, "मी येऊन राहिलो म्हना. मामा मी आहो."

तर निघालो. स्वातंत्र्याला नऊ-दहा वर्षं झाली असतील. आज नातवंडं गोंदियाहून मोटारीनं बोदलकशाच्या तलावावर जाऊन संध्याकाळी परत येतात. आम्हाला पोचायलाच दीड दिवस लागला. घरात असं माणूस असून प्रवासाला जाऊ की नको असा विचार करणाऱ्यांसाठी दोन-तीन गोष्टी सांगते. गादी सावरीच्या कापसाची घ्या, ती मऊ राहते. दर दोन तासांनी कूस बदला, लोक हसले तरी बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. आणि जिथे निजवाल ती जागा आधी आपल्या हातानं चाचपून पाहा. वैशाखात तापलेल्या लोखंडाला पाय लागला तर आपण ओरडतो, यांना कळतही नाही.

पहाटे गोंदियाची वाट धरली. बैलगाडीत भाताचं तणस अंथरलं, त्यावर खाट. माझा धाकटा दीर गाडी हाकत होता. शिदोरीला तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी होती. वाटेत आंब्याखाली दोनदा थांबून कूस बदलली. बैलगाडी गोंदियात ओळखीच्याकडे सोपवली आणि स्टेशनावर दीर आणि तीन हमाल खाट खांद्यावर घेऊन चालले, तर फलाटावरची माणसं बाजूला सरू लागली. एकानं टोपी काढली. कापडाचे गठ्ठे घेऊन बसलेल्या एका शेटजीनं हात जोडून मला विचारलं, "कौन गुजर गया, बाई?"

मी काही बोलायच्या आत खाटेवरूनच उत्तर गेलं, "अभी कोई नहीं गुजरा, शेटजी. तिरोडा जा रहे हैं."

हमाल इतके हसले की खाट डगमगली. मला मात्र हसू आलं नाही. जिवंत माणसाला हात जोडतात म्हणजे काय! खाट डब्यात शिरेना, म्हणून गार्डाच्या डब्यात टोपल्यांच्या मधे जागा मिळाली. हमालांनी एक रुपया मागितला, बारा आण्यांवर तोडलं. गाडी सुटल्यावर हे दारातून बाहेर बघत पडून राहिले. दोन वर्षांत घराच्या कौलांशिवाय दुसरं काही यांच्या नजरेला पडलं नव्हतं. पळसाची झाडं, भाताची कोरडी बांधणं, पाण्यात बसलेल्या म्हशी, सगळं मला दाखवत होते, जसं काही मी ते कधी पाहिलंच नव्हतं.

तिरोड्याला एका ओळखीच्या घरी रात्र काढून सकाळी भाड्याची बैलगाडी केली. बोदलकशाकडची वाट जंगलाची, खडबडीत. प्रत्येक खड्ड्याला मी यांचं डोकं धरून ठेवायचे आणि गाडीवानाला शिव्या हासडायचे. तलाव दिसला तेव्हा ऊन माथ्यावर आलं होतं, पाणी खूप मागे सरलेलं. गाडी बांधापाशी अडली. मग दीर, गाडीवान आणि मासे विकून परतणारे दोघं, अशा चौघांनी खाट खांद्यावर घेतली आणि आम्ही मांडवाकडे निघालो. वाजंत्री ऐकू येत होती.

नणंद धावतच बाहेर आली. भावाला बघून तिचे डोळे भरले, पण दोन्ही हात पसरून वाटेत उभी राहिली.

"वैनी, खाट मांडवात नोको आनू वं. चौघायच्या खांद्यावर खाट पाहून वऱ्हाडी काय म्हनतीन? पोरीच्या लग्नात असा अपशकुन..." मागे तिच्या सासरच्या नात्यातला एक माणूस नवा फेटा बांधून तयार होता. मामा म्हणून उभा केलेला.

माझं डोकंच फिरलं. "खाट अपशकुनाची, का तुमचे डोळे? तुमच्या बारशाला यायनंच पाळना हालवला होता. यायच्या खाटीले तिरडी म्हनता? काऊन जी?"

सनई थांबली. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. यांच्याकडे कोणीच पाहिलं नाही. बोलून झाल्यावर ते माझ्या लक्षात आलं, आणि हेही, की मीसुद्धा यांना काही विचारलं नव्हतं.

मी खाटेपाशी वाकले. घरी रोज मी यांना पाठीवर घेऊन न्हाणीत नेते. यांचे हात भक्कम, पाय वाळून हलके झालेले. पण ते आपल्या अंगणात, दार लावून. इथे अख्खी जात बसली होती.

"पाठीवर येता का?" मी विचारलं.

यांनी मांडवाकडे एकदा पाहून घेतलं. मग म्हणाले, "येतो. मान खाली नोको घालजो."

मी खाली बसले. यांनी माझ्या गळ्यात हात घातले, दिरानं मागून उचलून दिलं. जमिनीला हात टेकून मी उठले. बायका पदर तोंडाला लावून कुजबुजल्या. नणंदेचे पसरलेले हात आपोआप खाली आले. घराच्या दारातून भाची पुढे झाली आणि माझ्या खांद्यावरून लोंबणारा यांचा हात तिनं घट्ट धरला. फेटेवाला बाजूला झाला. नवरी चालत होती, मामा तिचा हात धरून होता आणि मामी मामाच्या वजनानं घामाघूम. बोहल्यापर्यंत अठ्ठावीस पावलं होती. मान वर होती.

दुसऱ्या दिवशी त्याच वाटेनं परतीला निघालो. त्यानंतर आमच्याकडे अर्धवट आमंत्रण आलं नाही. टोमणे मात्र पुष्कळ आले, "बायकोच्या पाठीवरचा मामा" म्हणून. त्यांचाही मला राग आहे, पण खरा राग वेगळाच. त्या मांडवातली माणसं भेटली की आपापलं सांगतात. कोणी म्हणतं, तुझे यजमान त्या वेळी हसत होते. कोणी म्हणतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नणंद म्हणते, दादाचं तोंड अगदी पटात जिंकल्यावर व्हायचं तसं झालं होतं.

शेवटी एकदा मी यांनाच विचारलं. हे म्हणाले, "तूच नेऊन राहिली होती, तूच सांग."

मी कशी सांगू? सगळ्या मांडवानं यांचा चेहरा पाहिला. नाही पाहिला तो मी एकटीनं.