‘मला काही बोलली नाही’

हे मी आजवर कोणाजवळच बोललो नाही. बायकोजवळ नाही, आणि ज्यांना सांगायलाच हवं होतं त्यांच्याजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याजवळ तोंड उघडतो आहे — तेही अडखळत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमरावतीत माझं छोटंसं क्लिनिक आहे. कधीकधी मुलांना शिकवायला बोलावतात. शिकवताना मी दरवेळी सांगतो — खेळाडू आपल्या दुखण्याबद्दल जे सांगतो, त्यावर आधी विश्वास ठेवा. मुलं वहीत उतरवून घेतात. मी फळ्याकडे वळतो.

आधी गावंडे सरांबद्दल सांगायला हवं. की मी त्यांच्या आडून बोलायला निघालो आहे? नाही. सरांनी मला कधीही खोटं बोल म्हटलं नाही, हे आधीच लिहून ठेवतो.

सर अमरावतीत मुलींच्या कबड्डी संघाचे प्रशिक्षक. माझं गाव दर्यापूरकडचं, घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिला. त्या वर्षांत कापसानं सगळ्या वऱ्हाडाचा दम काढला होता. गावाकडून फोन आला की उचलण्याआधी हात थबकायचा — आता कोणाच्या घरचं कोण गेलं? अशा दिवसांत मी शिक्षण सोडून परत निघालो होतो. सरांनी मला आपल्या घरी ठेवून घेतलं. त्यांच्या ताटाशेजारी माझं ताट असायचं. पदवी हाती आली तेव्हा त्यांनीच मला संघाचा फिजिओ म्हणून नेमून घेतलं. त्यांच्या शब्दाबाहेर जायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. कृतज्ञता चांगलीच गोष्ट आहे ना? मीही तसंच समजत होतो.

संघाच्या डॉक्टर अकोल्याच्या, हाडांच्या. त्यांना रोज येणं जमत नसे. शिबिराच्या सुरुवातीलाच मॅडमनी मुलींना समोर बसवून माझ्याकडे बोट दाखवलं होतं. कुठेही दुखलं-खुपलं तर याला सांगायचं, हा मला सांगेल, खेळायचं की बसायचं ते मी ठरवीन; सरांनी मध्ये पडायचं नाही. “म्हणजे म्या नुसती शिट्टी वाजवाची का?” सर म्हणाले, आणि मुली खूप हसल्या. व्यवस्था सरांनाही मान्य होती. म्हणजे बघा — मॅडमना त्या मैदानावर दुसरे कान नव्हते. मीच होतो.

नाझिया आमची चढाईची मुलगी. अकोल्याची, अमरावतीत कॉलेजला. वडील रुई पिंजून गाद्या भरून द्यायचे. थोरल्या भावाला तिचं खेळणं पसंत नव्हतं. वडिलांनी मात्र होकार दिला होता, एका अटीवर. लागलं, पडलं, काही झालं तरी घरापासून लपवायचं नाही. ती मैत्रिणींना हसून सांगायची, “खरचटलं तरी अब्बाले रिपोर्ट द्या लागते.” त्या अटीवर तिचं सगळं खेळणं उभं होतं. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

स्पर्धा अकोल्यात होती. निघायच्या आदल्या दिवशी सराव संपल्यावर ती माझ्याकडे आली.

“सर, वळतानी गुडघा निसटून राह्यला. दुखत नाही तेवढा, पण भरोसा नाही वाटत. मॅडमले सांगा.”

मी गुडघा हातात घेऊन पाहिला. ढिला होता. शंकेला जागा नव्हती — निदान एक्सरे, तपासणी होईपर्यंत तिला बसवायलाच हवं होतं. सांगतो, म्हणालो. आणि सांगणारच होतो... खरंच सांगणार होतो का? गावंडे सर मैदानावरून येत होते. जाता जाता माझ्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, नाझिया आहे म्हणून यंदा आशा आहे बरं. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. सगळ्या ठीक आहेत का? सगळ्या ठीक, मॅडम.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी नुसता भित्रा ठरलो असतो. सकाळी नाझियानं विचारलं, मॅडम काय म्हणाल्या. मी म्हणालो, पट्टी बांधून खेळ म्हणाल्या. मी स्वतःच्या हातानं पट्टी बांधली. छान बांधली.

दुसऱ्याच सामन्यात चढाईवरून परत वळताना ती खाली बसली. कोणी धरलंही नव्हतं. गुडघा दोन्ही हातांनी आवळून ती ओरडली, तो आवाज मी वर्णन करणार नाही.

आम्ही तिला मॅडमच्याच दवाखान्यात नेलं. वडील धावत आले, सदऱ्याला रुई चिकटलेली. मागोमाग भाऊ. मॅडमनी तपासलं आणि माझ्याकडे वळल्या. हे आजचं दिसत नाही, तुला आधी काही बोलली होती का?

सगळे माझ्याकडे पाहत होते. सरसुद्धा.

“नाही मॅडम. मला काही बोलली नाही.”

नाझिया पलंगावरून उठायला लागली. “सांगतलं होतं ना, सर! मॅडमनं पट्टी बांधून खेळ म्हटलं म्हणून तुमीच...”

मॅडम गोंधळल्या. त्यांनी तर असं काही म्हटलंच नव्हतं. तेव्हा मी पुढे झालो. शांत, समजूतदार आवाजात — शिक्षणानं मला तो आवाज दिला होता — म्हणालो, वेदनेत असं होतं, मॅडम. पेशंट काहीही जुळवतो. तिला आत्ता दोष देऊ नका.

दोष देऊ नका! हे मी म्हणालो.

भाऊ वडिलांना म्हणाला, “पाहा, मी म्हणत होतो.” वडील तिच्या उशाशी वाकले. “बेटा, सरायवर काहून ढकलतं? लपवलं तं लपवलं म्हण.” ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

ऑपरेशन झालं. ती पुन्हा मैदानावर आली नाही. कॉलेजही सुटलं. गुडघ्यामुळे नव्हे — ज्या मुलीच्या बोलण्यावर भरवसा नाही, तिला परगावी कोण ठेवणार? सर हळहळले, आणि मला म्हणाले की तू मन लावून घेऊ नको.

मागच्या हिवाळ्यात अकोल्याच्या बसस्टँडवर ती भेटली. तिनंच ओळखलं. मी गुडघ्याचं विचारलं. चालते, म्हणाली. मग तीच म्हणाली, “अब्बा गेले, सर. त्यायले शेवटलोक वाटे का मीच लपवलं.” तिच्या आवाजात राग नव्हता असं लिहिणं मला सोयीचं झालं असतं. होता.

मी म्हणालो, थंडीत गुडघ्याला जपत जा.

तिची मूर्तिजापूरची गाडी लागली. दांडी धरून, आधी चांगला पाय पायरीवर ठेवून ती वर चढली. तू सांगितलं होतंस — हे एवढे शब्द मी तेव्हाही तिला म्हणालो नाही.