शेवटच्या कडव्यातलं नाव

गुरुवारी सकाळी माझं गाणं फोनवरून गायब झालं. आदल्या दिवसापर्यंत लोक त्याखाली लाल बदाम टाकत होते, 'ताई, रडवलंत' असं लिहीत होते. आता तिथे काळा चौकोन आणि त्याखाली दोन ओळी: हक्काबद्दल तक्रार आल्यामुळे हे गाणं काढण्यात आलं आहे. तक्रार करणाऱ्याचं नाव वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. तो माझ्या उस्तादांचा मुलगा होता.

मी उमरखेडला राहते आणि गाते. गाणी स्वतः लिहिते, चालीही स्वतःच लावते. पुण्यातल्या एका कार्यक्रमाच्या पोस्टरवर माझ्या फोटोखाली 'इंडिपेंडंट सोल सिंगर' असं छापलं होतं. इंडिपेंडंट म्हणजे पाठीशी ना कंपनी, ना गायन पार्टी. खोलीच्या भिंतींना गाद्या टेकवून रेकॉर्डिंग मीच करायचं, आणि गिटार सीटखाली मावत नाही म्हणून एसटीच्या कंडक्टरशी भांडायचंही मीच. सोल म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं जीव ओतून गाणं, हे तिथल्या पोरांनी मला चार गाणी ऐकवून समजावलं, तेव्हा मला हसू आलं. ढाणकीला उस्तादांनी चौदाव्या वर्षी मला हेच तर शिकवलं होतं, फक्त तिथे त्याला नाव नव्हतं. उस्ताद म्हणायचे, "गळ्यातून नको, पोटातून म्हन." आणि नाही जमलं की एकच शब्द, "फिरून." म्हणजे पुन्हा. एकेका ओळीला वीस वीस वेळा फिरून.

उस्ताद टेलर होते आणि गायन पार्टी चालवत. जयंतीला, लग्नाला, वास्तूला आम्ही जायचो; भीमगीतं, कव्वाल्या, दोन पार्ट्यांमधले सवाल-जवाबाचे सामने. कोरसमध्ये मी एकटीच पोरगी. आमच्याकडे गाण्याच्या शेवटच्या कडव्यात लिहिणाऱ्याचं नाव गुंफतात. पण पार्टीतल्या शिष्यानं गाणं लिहिलं, तर नाव गुरूचं घालायचं. ही रीत कुठे लिहिलेली नव्हती, तरी ती मोडायची कुणाची टाप नव्हती. "लेकराले बापाचं नाव लागते ना? तसंच हाय हे," उस्ताद म्हणायचे. मला ते पटायचं. लेकरू जन्माला कोण घालतं, हा प्रश्न मला बराच उशिरा सुचला.

मी एकोणीस वर्षांची असताना माय गेली. महिनाभर मी कुणाशी धड बोलले नाही. मग तिच्याशीच बोलायला लागले, ते हे गाणं. दिवसभरात काय झालं ते तिला सांगायचं, एवढंच त्यात आहे.

माय, आज नळ दुपारी आला,
तुझा हंडाही मी भरून ठेवला.
तुझं लुगडं नेसून पाहिलं,
पायात आलं, घडी करून ठेवलं.

आणि शेवटी, रीतीप्रमाणे, उस्तादांचं नाव: अमुक सांगे, माय, तुझं ताट झाकून ठेवलं. पन्नाशीचा मिशीवाला माणूस मेलेल्या आईचं लुगडं नेसून बघतो, यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. उस्तादांनी गाणं आपल्या मोठ्या वहीत आपल्या अक्षरात उतरवून घेतलं. माझा कागद पेटीखाली गेला तो गेलाच. पुढे गाणं त्यांच्याच नावानं गाजलं.

आठ वर्षांपूर्वी मी त्यांना म्हटलं, आता माझ्या गाण्यात माझं नाव घालते. मशीनवरून मान वर न करता ते म्हणाले, "पहिले गानं शिक." मी उठले ती परत गेलेच नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा झाला, वाचा गेली, तरी नाही गेले. ढाणकी काही लांब नाही. मी रागीट आहे, एवढंच त्याचं कारण. त्याची लाज वाटते, पण होतं ते सांगते. आणि या वर्षी तेच गाणं मी नव्यानं रेकॉर्ड केलं, त्यांचं नाव काढून माझं घातलं. त्यांचं नाव दोन अक्षरी, माझं चार. दोघांच्या जागेत चार माणसं बसवावीत तशी ती अक्षरं कोंबली. ऐकताना मला स्वतःलाच तिथे दाताखाली यावा तसा खडा लागायचा. पण नाव माझं होतं.

मी उस्तादांच्या मुलाला फोन लावला. त्याचा ढाणकीत मांडव-डीजेचा धंदा आहे, लहानपणी तो माझ्या मांडीवर झोपलेला आहे.

"ताई, पप्पाच्या हातची वही हाय माह्यापाशी," तो म्हणाला. "जुना व्हिडिओबी हाय. तुमी त्याइचं नाव खोडून आपलं लावलं, हे कोन्या रीतीत बसते?"

"अरे, ते मी लिवलं हाय. लुगड्याची ओळ मानसाले सुचन का?"

"पप्पानं बायांच्या तोंडचे कितीक गाने लिवले, तुमाले काय सांगू? रविवारी घरी या. चार लोकायसमोर बोलू."

खरं होतं ते. बायकांच्या तोंडची गाणी लिहिण्यात उस्तादांचा हात कुणी धरत नसे. माझा एकमेव पुरावा त्यानं एका वाक्यात निकालात काढला.

दुपारी फुलसावंगीहून फोन आला. पुढच्या आठवड्यात तिथे माझ्या एकटीच्या गाण्यांचा कार्यक्रम होता, आपल्या जिल्ह्यातला पहिलाच. "ताई, लोक म्हनून राह्यले, उस्तादाचं गानं चोरलं म्हने," संयोजक चाचरत म्हणाला. "बाकीचेबी त्याइचेच असतीन म्हने. पहिले हे मिटवा, मंग पाहू." हे 'बाकीचेबी' माझ्या छातीत रुतून बसलं. एक गाणं गेलं की त्याच्यामागे माझी सगळीच जाणार होती.

साक्षीला उरले पार्टीतले ढोलकवाले काका. गाणं मी पहिल्यांदा म्हटलं, तेव्हा ते समोर बसलेले होते.

"मले माहीत हाय बाई, तुनंच लिवलं," ते म्हणाले. "पन मले यात वढू नको. पुढच्या महिन्यात नातीचं लगन हाय, मांडव त्याचाच हाय."

"रविवारी येता तरी?"

"येतो. बोलत नाही."

रविवारी दहा वाजता मी उस्तादांच्या ओसरीवर पोचले. ते खाटेवर बसून होते, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. मला पाहिलं, पण ओळखलं की नाही ते कळेना. डाव्या हातानं ते सुनेच्या हातातला फोन ढकलत होते. "चार दिवसापासून असेच चिडून राह्यले, जेवतबी नाही," सून म्हणाली, आणि नवऱ्याकडे बघून पुढचं गिळलं. पार्टीतले दोघे-तिघे जुने लोक सतरंजीवर बसले होते. काका खालच्या फरशा मोजत होते.

मुलानं वही उघडून फिरवली. माझी माय, माझा हंडा, सगळं उस्तादांच्या तिरप्या अक्षरात. मग त्यानं व्हिडिओ लावला. धडधाकट उस्ताद गात होते आणि मागे कोरसमध्ये मी, दोन वेण्या घातलेली, स्वतःच्या गाण्याला टाळ्या देत होते. त्या पोरीच्या कानाखाली वाजवावी असं मला वाटलं.

"अक्षर तं उस्तादाचंच हाय," एकजण म्हणाला. दुसऱ्यानं खाटेकडे वळून विचारलं, "उस्ताद, गानं कोनाचं?"

उस्तादांचं तोंड हललं. बऱ्याच वेळानं शब्द आला, "पानी." सुनेनं पेला आणला, तो त्यांनी ढकलला. "पानी," पुन्हा म्हणाले, आणि डोळ्यांत पाणी आलं. लकव्यानंतर काहीही म्हणायला गेले की हाच एक शब्द निघतो, असं सुनेनं सांगितलं.

"त्याइले तरास देऊ नका," मुलगा म्हणाला. "वहीत हाय ना."

मग मात्र माझा पारा चढला. "वहीले कायले विचारता? मी म्हनते गानं, त्याइले आयकू द्या," म्हणाले आणि सुरूच केलं. ना पेटी, ना गिटार. नळ झाला, हंडा झाला. मग लुगड्याची ओळ आली. एवढ्या वर्षांत ती ओळ म्हणताना मी कधी अडले नव्हते, तिथे अडले.

पुढची ओळ खाटेवरून आली.

आवाज घोगरा होता, पण शब्द अन् शब्द स्पष्ट. सून होती तिथेच खाली बसली. दोन वर्षांत ज्या माणसाला स्वतःच्या नातवाला हाक मारता आली नव्हती, तो ओळींमागून ओळी गात होता. मुलाचा चेहरा फुलला. बाप बोलल्याचा आनंद आणि जिंकल्याचा, दोन्ही. "पाहा, सगळं पाठ हाय त्याइले," तो म्हणाला. संपलं, हे मला कळलं. आता शेवटचं कडवं येणार, त्यात त्यांचं नाव येणार, चार लोक ते ऐकणार. मी पिशवीचा बंद हातात घेतला. काकांची बोटं फरशीवर ठेका धरू लागली होती.

शेवटच्या ओळीआधी उस्ताद थांबले. श्वास घेतला. आणि माझं नाव म्हणाले.

पहिली दोन अक्षरं त्यांनी ठेका पडायच्या आधीच म्हणून घेतली, उरलेली दोन नेमकी ठेक्यावर ठेवली. जिथे मला सहा महिने खडा लागत होता, तिथे कापडाचा जोड दिसू नये तसं सारं बसलं. माझं नाव, आणि पुढे, सांगे, माय, तुझं ताट झाकून ठेवलं.

"गानं तिचंच हाय," काका फरशीकडे बघत म्हणाले. "मी होतो तवा." आता बोलून काय उपयोग, असं मनात आलं, पण त्यांच्यावर रागवायला माझ्यात बळ नव्हतं.

सून नवऱ्याला म्हणाली, "रोज बोट दाखवून हेच गानं लावाले सांगत. ताईच्या आवाजातलं. तुमी ते बंद केलं, तवापासून जेवन सोडलं त्याइनं."

मुलानं हातातल्या फोनवर ती तक्रार उघडली. मग हळूच म्हणाला, "ताई, तक्रार वापस कशी घेतेत?"

उस्तादांचे पाय धरावेत असं मला वाटत होतं, आणि माझं नाव घ्यायला आठ वर्षं लागली का, असं ओरडून विचारावंसंही वाटत होतं. दोन्ही राहून गेलं, कारण ते माझ्याकडे बघत डाव्या हातानं खाटेच्या लाकडावर ठेका देत होते. तो ठेका मी चौदाव्या वर्षापासून ओळखते. मी पिशवी खाली ठेवली आणि शेवटची ओळ म्हटली, माझ्या नावासकट. घाईत म्हटली, रेकॉर्डिंगमधल्यासारखीच.

त्यांनी मान हलवून नाही म्हटलं.

"फिरून," उस्ताद म्हणाले.

मी फिरून म्हटलं.