शेगडीची खोली

नव्वदच्या दशकातल्या एका जुलैत आमची मेडिकल टीम पुण्याहून ठाण्याला आली. मी आर्मीत नर्सिंग ऑफिसर होते. रँक लेफ्टनंट, सर्व्हिस चौदा महिने. टीममध्ये चौघंजण: डॉक्टर कॅप्टन नायर, हवालदार पाटोळे, ड्रायव्हर आणि मी. बाळकुमजवळची खाडीकाठची वस्ती पाण्यात गेली होती. जवानांनी बोटींतून लोकांना काढून एका शाळेत आणलं होतं. शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही औषधं मांडली.

माझं घर डोंबिवलीत, कोपरला. मी इतक्या जवळ आलेय हे मी घरी कळवलं नव्हतं. घरात मराठी बोलत असलो तरी माझी शाळा इंग्लिश मीडियमची. अनोळखी बायकांशी बोलताना मी आधी मनात वाक्य जुळवायचे. ते जुळेपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. युनिफॉर्ममध्ये हे खपून जातं. कमी बोलणारी ऑफिसर शिस्तीची वाटते.

रोजचं काम ठरलेलं होतं. सकाळी सहाला पाण्यात क्लोरीनच्या गोळ्या. सातला वर्गावर्गांतून राउंड. नऊ ते बारा तपासणी. बाराला पुन्हा राउंड, दोनला वायरलेसवर रिपोर्ट. ताप, जुलाब, पायाच्या जखमा. तीन दिवस याहून जास्त काही झालं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी शेवटची बोट आली. तिच्यात सुरेखा नावाची बाळंतीण होती. मुलगी अकरा दिवसांची, बारसं व्हायचं होतं. सोबत सुरेखाची आई, पार्वतीबाई. कपडे आणि भांडी घरात सोडून पार्वतीबाईंनी बाज, शेगडी आणि अर्धी गोण कोळसा बोटीत चढवला होता.

"मॅडम, बोटीत माणसांपेक्षा कोळसा जास्त होता," पाटोळे म्हणाले.

"हसतोस काय रे?" पार्वतीबाई त्यांना म्हणाल्या. "तुझ्या आयशीनं तुला शेकलं नसतं तर एवढा उंच झाला असतास?"

पाटोळे साडेपाच फुटांचे होते. बोटीतले सगळे हसले.

बाळंतिणीला वेगळी जागा हवी, वारा लागायला नको, म्हणून शाळेची सामानाची खोली त्यांना दिली. लहान खोली, एक दार, एक खिडकी. नकाशे आणि तुटकी बाकं एका बाजूला सरकवून बाज लावली. बाजेखाली शेगडी. निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग. बाळंतिणीला आणि बाळाला असा शेक द्यायची पद्धत आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्येही होती. मात्र तिथे बाल्कनी उघडी असायची.

बाराच्या राउंडला मी त्या खोलीत गेले. खिडकीच्या फटींत गोणपाट कोंबलं होतं. दाराखाली ओलं फडकं. शेगडी लाल होती. पार्वतीबाई भिंतीला टेकून सुपाने वारा घालत होत्या. निखारा विझू नये हे त्यांचं काम. ते त्या दुसऱ्या कोणाला करू देत नव्हत्या.

मी म्हणाले, "खिडकी थोडी उघडी ठेवा. कोळशाचा गॅस होतो."

"तुला किती पोरं हायेत गो बाय?"

"एकही नाही."

"लगीन?"

"नाही झालं."

"मग पहिलं लगीन कर, आन् मग मला शिकव." दारातल्या दोन बायका हसल्या. पार्वतीबाईही हसल्या. त्यात राग नव्हता. "मी सहा बाळंतपणं काढलीत या शेगडीवर. एक पोर शिंकलं नाय."

माझ्याकडे पुढचं वाक्य तयार नव्हतं. सुरेखा म्हणाली, "मॅडम, डोकं लय दुखतंय सकाळपासून." मी तिला पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि बाहेर पडले. रजिस्टरमध्ये इंग्रजीत दोन शब्द लिहिले: व्हेंटिलेशन अ‍ॅडव्हाइज्ड.

बंद खोली, कोळसा, डोकेदुखी. ट्रेनिंगमध्ये ही तीन एका ओळीत शिकवली होती. मी ती एका ओळीत ठेवली नाहीत.

दोननंतर आभाळ इतकं दाटलं की वर्गांत कंदील लावावे लागले. वारा खाडीकडून येत होता. जो तो आपापलं दार लावून घेत होता. कॅप्टन नायर पलीकडच्या वस्तीत एका म्हाताऱ्याला बघायला बोटीने गेले होते. शाळेत मेडिकलचे मी, पाटोळे आणि ड्रायव्हर. कधी नव्हे ती शाळा शांत होती.

तीन वाजून चाळीस मिनिटांनी कॉरिडॉरमध्ये काहीतरी पडल्याचा आवाज झाला. सामानाच्या खोलीचं दार अर्धं उघडलं होतं आणि सुरेखा उंबऱ्यावर पालथी पडली होती. ती रांगत तिथवर आली होती. तिला उलटी झाली होती.

"पोरीला बघा," ती म्हणाली. "पोर उठत नाय."

मी श्वास रोखून आत गेले. बाजेवरून बाळ उचललं आणि बाहेर पळाले. आत दोन-तीन सेकंद असेन. पाटोळ्यांनी सुरेखाला ओढून कॉरिडॉरच्या उघड्या टोकाला नेलं. मी बाळाला तिथल्या टेबलावर ठेवलं.

बाळाला रंग चांगला होता. गाल गुलाबी, ओठ गुलाबी. जमलेल्या बायकांपैकी एक म्हणाली, "झोपलीय गो, बघ की कशी गुलाबासारखी दिसते." मी तळव्यावर टिचकी मारली. हालचाल नाही. गाल नाकातोंडाजवळ नेला. हवा नाही. दंडाच्या आतल्या बाजूला नाडी शोधली. लागली नाही.

तोपर्यंत हे मी फक्त रबरी बाहुलीवर केलं होतं.

डोकं सरळ ठेवलं, हनुवटी जराशी उचलली. बाळाचं नाक आणि तोंड दोन्ही माझ्या तोंडात मावलं. गालात मावेल तेवढीच हवा द्यायची, छातीतली नाही. दोन श्वास. मग छातीच्या मधोमध दोन बोटं.

"पाटोळे, मोजा."

"एक, दो, तीन, चार, पाँच." ते मराठीच, पण ड्यूटीवर मोजायचे हिंदीत.

पाच दाब, एक श्वास. पाच दाब, एक श्वास.

"उलटी धर गो तिला! पाठीवर मार!" एका बाईने बाळाचा पाय धरला.

"हात काढा, बाई. मागे व्हा सगळे," पाटोळे म्हणाले. मोजणी चुकली नाही.

ड्रायव्हर वायरलेसवर होता. त्याचा आवाज स्टाफरूममधून ऐकू येत होता.

"डॉक्टर साहब को वापस भेजो. बच्चा साँस नहीं ले रहा. ओव्हर."

"डॉक्टर साहब बोट में हैं. बीस मिनट लगेंगे. ओव्हर."

"बीस मिनट नहीं हैं. ओव्हर."



ट्रकमधला ऑक्सिजन सिलिंडर आला. लहान मास्क नव्हता, म्हणून पाटोळ्यांनी नळी बाळाच्या तोंडाजवळ धरली आणि मोजत राहिले. माझ्या बोटांखाली छाती कोवळ्या फांदीसारखी वाकत होती. ती मोडेल असं प्रत्येक दाबाला वाटायचं. सुरेखा जमिनीवर बसून बघत होती. ती रडत नव्हती. ती पाटोळ्यांबरोबर मोजत होती.

तीन अठ्ठेचाळीसला बाळाने एकदा आचका दिला. नंतर बराच वेळ काही नाही. पुन्हा एक. दंडात नाडी लागली, बारीक आणि वेगात. मी दाब थांबवले, श्वास चालू ठेवले. तीन त्रेपन्नला ती रडली. रडणं म्हणजे दार करकरल्यासारखा आवाज होता. बायकांनी एकदम गलका केला. कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. पाटोळ्यांनी मोजणं थांबवलं आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मला त्या वेळी आनंद झाला. तो नोंदवायला हवा, कारण तो पुढची पंधरा मिनिटं टिकला.

चार वाजून आठ मिनिटांनी कॅप्टन नायर आले. त्यांनी बाळाला तपासलं, सुरेखाला तपासलं, दोघींना ऑक्सिजनवर ठेवायला सांगितलं. मग मला विचारलं, "और कौन था कमरे में?"

मी वळून बघितलं. खोलीचं दार अजून अर्धंच उघडं होतं.

पार्वतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. सूप मांडीवर. मान किंचित खाली. मी बाळ उचललं तेव्हा त्या माझ्यापासून चार हातांवर होत्या. मी त्यांना पाहिलं होतं. चेहऱ्याला बाळासारखाच चांगला रंग होता; कोळशाच्या गॅसने माणूस निळं पडत नाही, गुलाबी दिसतं. जागरणाने डोळा लागला असेल, असं मला वाटलं असावं. किंवा मला काहीच वाटलं नसेल. दोन बायकांनीही आत डोकावून म्हटलं होतं, म्हातारी झोपलीय, झोपू दे.

कॅप्टन आत गेले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या चालण्यात घाई नव्हती. त्यांनी पाटोळ्यांना खिडकीतलं गोणपाट काढायला सांगितलं.

त्यांनी माझं रजिस्टर मागितलं. बाराची नोंद वाचली. "यू हॅड अ‍ॅडव्हाइज्ड," म्हणाले आणि सही केली. रिपोर्टपुरतं तेवढं पुरेसं होतं. त्या नोंदीमुळे मला कोणी काही विचारलं नाही.

हॉस्पिटलला जायला गाडी लागली तेव्हा सुरेखाने मास्क बाजूला केला. "मॅडम, आई कुठं हाय?"

कॅप्टनला मराठी येत नव्हतं. पाटोळे माझ्याकडे बघत होते. मी तिच्याजवळ बसून सांगितलं. ती बाळाकडे बघत म्हणाली, "सकाळपासून तिचंही डोकं दुखत व्हतं. मॅडमला सांगू नको म्हणाली. शेगडी काढायला लावतील."

बाळ वाचलं. पुढे पाटोळ्यांना वस्तीतून निरोप आला होता की बारसं झालं, नाव काय ठेवलं ते मात्र निरोप आणणारा विसरला. पाच वर्षांनी मी सर्व्हिस सोडली. त्यानंतर दोन घरांत बाळंतिणीच्या खोलीत न विचारता शिरून खिडकी उघडली. एका घरात मला पुन्हा बोलावलं नाही.

लोक विचारतात, तुमच्या सर्व्हिसमध्ये कोणी गेलं का. पूरमदतीला गेलेल्या आमच्या तुकडीच्या, म्हणजे कॉलमच्या, रिपोर्टमध्ये आमच्या बाजूचे मृत शून्य आहेत, आणि ते खरं आहे. तरी मी एक नाव सांगते. पार्वतीबाई, वय पासष्टच्या आसपास, खाडीकाठच्या कोळी. नेमून घेतलेल्या कामावर, जागेवर बसलेल्या. शेवटपर्यंत त्यांनी निखारा विझू दिला नव्हता. पाटोळ्यांनी शेगडी बाहेर काढली तेव्हा ती लालच होती.