शाळेच्या ओसरीवरची दुसरी चूल

पूर्णेचं पाणी उतरलं तेव्हा आमच्या घराच्या भिंती बसल्या होत्या. आम्ही सगळे शाळेच्या ओसरीवर राहत होतो. सासूबाई, थोरले दीर, जाऊबाई, त्यांची चार लेकरं, मालक आणि मी. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती. नऊ माणसांच्या भाकरी जाऊबाई आणि मी एकाच चुलीवर करायचो. लाकडं ओली, धुरानं डोळे सुजलेले.

चार दिवसांनी कळलं की मदत माणशी नाही, चुलीमागे मिळणार. एका चुलीला थोडा लाल मिलो, म्हणजे सरकारी वाटपाची परदेशी ज्वारी, एक पातेलं आणि एकच चादर. सासूबाई मला म्हणाल्या, "तीन दगड आन. त्या कोपऱ्यात मांड."

नुसती मांडून भागत नव्हतं. तलाठी राख बघतात, असं बाया सांगत होत्या. म्हणून मी तिच्यावर खरोखरच दोघांपुरत्या भाकरी भाजल्या.

तलाठी आले. त्यांनी काडीनं राख उकरून बघितली आणि मलाच विचारलं, "बाई, तू वेगळी हायस का?"

परक्या पुरुषाशी मी कधी बोलले नव्हते. पदर दातात धरून उभी राहिले. सासूबाई मागून म्हणाल्या, "सांग की गं. का वाचा बी गेली पुरात?" बाया हसल्या.

"व्हय," मी म्हणाले. "वेगळी हाय."

जाऊबाईंनी तव्यावरून मान वर केली नाही.

दुसरी चादर मिळाली, ती लेकरांवर घातली. मग कळलं की घरासाठी पत्रेही तलाठ्यांच्या त्याच चुलींच्या यादीवर मिळणार. तलाठी परत बघायला आले तर, म्हणून माझी चूल पेटतीच राहिली. पत्रे यायला संक्रांत उजाडली. नव्या जागेवर दोन खोल्या उभ्या राहिल्या, एक दिरांची, एक आमची.

सामान हलवलं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, आता पुरे, पहिल्यासारखं एका जागी रांधा.

जाऊबाई खाली बसून भांडी लावत होत्या. त्या म्हणाल्या, "ती सोताच्या तोंडानं बोलली, आत्याबाई. समद्या गावादेखत. म्या न्हाई बोलले."

ते खोटं होतं, तुमच्याच सांगण्यावरून होतं, एवढं म्हणायला काही लागत नव्हतं. जाऊबाई हातातलं भांडं तसंच धरून थांबल्या होत्या. मी म्हणाले असते तर त्या उठून माझ्याबरोबर रांधायला आल्या असत्या, हे मला तेव्हाही कळत होतं.

पण चार महिने मी दोनच माणसांचं पीठ मळत होते. संध्याकाळी भिंतीला पाठ टेकून जरा बसायला मिळत होतं. मी मान खाली घालून उभी राहिले. सगळ्यांना वाटलं, नेहमीसारखी लाजते आहे. सासूबाईंनी आपली वाकळ उचलली आणि जाऊबाईंच्या खोलीत नेली.