लवूने मिशी ठेवली नाही

मालवणच्या मैदानात तंबू टाकून सिनेमे दाखवत. इंग्रजी चित्रपट असला की त्यात काय चाललंय ते भोंग्यातून सांगायचं काम माझ्याकडे. मॅट्रिकला इंग्रजीत काठावर पास झालेल्यापेक्षा मोठा विद्वान मालकाला परवडत नव्हता. अठ्ठावन्न साली असाच एक चित्रपट आला. त्यातल्या सायबाकडे बंगला, मोटार, टाय, सगळं होतं. पण बायकोला त्याच्यापेक्षा वरची नोकरी लागते आणि हा गडी कोसळतो. खिशात पिस्तूल घेऊन हिंडतो, आरशातल्या स्वतःलाच दम देतो आणि शेवटी मोटारीच्या काचा लावून ढसाढसा रडतो. निम्मे संवाद मला कळले नाहीत. गप्प बसलो तर लोक शिट्ट्या मारतील, म्हणून ठोकून दिलं, "ह्यो सायब म्हणजे आमचो लवू. पँट बापयाची, रडणा बायलेचा."

तंबू हसून लोळला. एकटा मसुऱ्याचा परशुराम हसला नाही. आपली भाची सत्यवती लवूला द्यावी की नाही, हे बघायलाच तो त्या दिवशी मालवणात आला होता.

लवू दिवसा माडांवर चढून नारळ पाडी आणि जत्रांच्या दिवसांत दशावतारात राणी होई. राजाने टाकलेली त्याची राणी रडू लागली की पुढच्या बायकांचे पदर ओले होत. त्यापायी वरचा ओठ बारमाही गुळगुळीत. परशुरामाने निरोप धाडला : लुगडं सोड, मिशी वाढव, मग बोलू.

लवूची आई मथुरा आधी माझ्या दारात आली. "शिरा पडो तुझ्या भोंग्यार," एवढा शाप देऊन गेली आणि घरी जाऊन लेकाला शपथ घातली. मिशी उगवली. मुंग्यांची रांग लागावी तशी. लोक म्हणत, "आता दिसतंस बापयो." लवू नारळ जरा जोरात खाली टाकी.

गावची जत्रा आली. परशुराम भाचीला घेऊन नाटक बघायला येणार होता, म्हणून लवूने राजा व्हायचं कबूल केलं होतं. संध्याकाळी मी देवळामागे गेलो, तर तो पेटाऱ्यावर आरसा धरून बसलेला.

"त्या सायबाक खरा काय झाला होता रे?" त्याने विचारलं.

"भ्या. आपण बापयो नाय असा कोणाक कळतला म्हणान."

"इतकी मोटार, बंगलो आसान पण?"

"म्हणानच पिस्तूल."

लवूने आरसा ओठाजवळ आणला. "मगे ही मिशी म्हणजे माझा पिस्तूलच मरे. ब्लेड आसा तुझ्याकडे?"

नव्हतं. "मगे भोंग्याचो दंड म्हणान ब्लेडचा आख्खा पाकीट हाडून दी," म्हणत त्याने कुणाच्या तरी बोथट ब्लेडने ओठ खरवडला. रक्त आलं. त्यावर पावडर थापतोय तोच परशुराम मागे उभा.

"मिशी खंय गेली?"

"कामात आड येय होती."

"लुगडेवाल्याक मी चेडू देवचंय नाय."

"दिव नको. पण चेडवाक पुढे बसव. माडार चढतंय तेव्हा माका कोण इचारना नाय, तू बापयो काय म्हणान. लुगडा नेसान गावासमोर उभो रवाक माडापेक्षा मोठी छाती लागता."

दशावतारात लिहिलेले संवाद नसतात. ज्याला जे सुचेल ते तो बोलतो. त्या रात्री लवूऐवजी ऐनवेळी उभ्या केलेल्या राजाने राणीला वनात जा म्हटलं, तेव्हा लवूची राणी रडलीच नाही. "जाते," ती म्हणाली. "पण महाराज, मिशी पिळल्याने राज्य चालतं असं ज्याला वाटतं, त्याला राणीची गरज नाही, न्हाव्याची आहे." राजा आपली मिशी चाचपू लागला. मृदंगवाल्याने उगाच दोन थापा मारून त्याला सांभाळलं. पुढच्या रांगेत सत्यवती तोंडात पदर कोंबून हसत होती.

सकाळी चहाच्या दुकानात परशुराम लवूकडे न बघता म्हणाला, "चेडू ऐकना नाय. म्हणता, ह्योच व्हयो."

"लुगड्यासकट?" लवूने विचारलं.

"लुगड्यासकट," परशुराम बशीत बघत म्हणाला.

लग्न वैशाखात झालं. नवरदेवाला मिशी नव्हती. ब्लेडचं पाकीट मी अजून दिलेलं नाही. रस्त्यात भेटला की लवू नुसतं वरच्या ओठावरून बोट फिरवतो.