द्रोणागिरीच्या डोक्यावर कर्नाळा

पनवेलच्या कोळीवाड्यात वडील ओट्यावर बसून जाळं विणायचे आणि मी समुद्र मोजायला जायचो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. संशोधन जहाजावर मी होतो कंत्राटी तंत्रज्ञ, तोरा मात्र कप्तानाचा.

आम्ही समुद्रात मुरिंग सोडायचो. तळाला सिमेंटचं वजन, त्याला बांधलेला दोर, दोरावर पाण्याचा प्रवाह मोजणारी यंत्रं आणि दोर उभा राहावा म्हणून पिवळे फ्लोट, म्हणजे तरंगते गोळे. सगळं पाण्याखाली. वर्षाने जहाजावरून आवाजाचा इशारा दिला की तळाचा हूक सुटतो आणि वजन सोडून बाकीचं वर येतं. उरणसमोर असंच एक सोडलं, तेव्हा इतर कोळ्यांची जाळी लांब ठेवायला वडिलांसकट त्यांची होडी भाड्याने घेतली होती. जागेचे आकडे मी टिपले. जहाजाच्या वहीत तेच उतरवले गेले.

वर्षाने परत गेलो. इशारा दिला, उत्तर नाही. सकाळपासून दुपारपर्यंत दिला. मोहिमेचे प्रमुख साहेब सारखे घड्याळ पाहू लागले. यंत्र गेलं तर माझं कंत्राटही गेलं, हे मला न सांगता कळत होतं. मोबाइलला जेमतेम रेंज होती. डेकच्या टोकाला जाऊन मी घरी फोन लावला.

“बाबा, आपण यंत्र सोडलं ती जागा आठवते?”

“न आठवाला काय झालं? कर्नाल्याचा सुलका द्रोणागिरीच्या डोक्यावर बसलेला. खांदेरीचा दिवा डोंगरापासून नुकता सुटलेला. वर्सभर मी तितं कोनाला जालं टाकू दिलं नाय.”

किनाऱ्यावरच्या खुणा अशा एका रेषेत धरून कोळी समुद्रातली जागा ओळखतात. मी दुर्बीण घेतली. कर्नाळा किल्ला आणि उरणचा द्रोणागिरी डोंगर यांच्या रेषेच्या आम्ही चांगलेच दक्षिणेला होतो. आकडा टिपताना मीच चुकलो होतो. साहेबांना म्हणालो, “सर, मी हिशेब पुन्हा केलाय, उत्तरेला जाऊ या.” सुळका द्रोणागिरीवर बसला, खांदेरीचा दीपस्तंभ किनाऱ्याच्या डोंगराआडून सुटला, इशारा दिला आणि उत्तर आलं. थोड्या वेळाने शेवाळलेले पिवळे फ्लोट एकेक करून वर आले. साहेबांनी पाठ थोपटली.

मी पुन्हा फोन केला. “मिळालं. पण बाबा, जागा तुम्ही सांगितलीत हे कुणाला बोलू नका.”

“मी कशाला बोलू?” म्हणाले आणि हसले.

वडील जाऊन आता काही वर्षं झाली. त्या हसण्याची आठवण आली की अजून लाज वाटते. तेव्हा त्या मोहिमेनंतर घरी गेलो, तर ते ओट्यावर शेजाऱ्यांना रंगवून सांगत होते, “मोटमोट्या सायबांनी हात टेकलं. मंग माज्या पोरानं हिशेब करून जागा काडली!”

मला पाहून त्यांनी जाळं बाजूला सारून जागा केली. मी शेजारी बसलो आणि त्यांना सांगू दिलं.